इकडचा पाय, तिकडचा पाय

"पायाच्या शेजारी नको बसूस, समोर बस. आणि कुठला पाय अधू आहे असं कधी कुणाला विचारायचं नाही. पायालाच विचारायचं."

वन्संनी पहिल्यांदा माझ्या हातात टेप दिली तेव्हाचे हे शब्द. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मी नवी नवरी होते, नजर वर उचलायची चोरी. पण या कामात नजर खालीच लागते, म्हणून निभावलं. माप घेणं मला जमलं, पण गिऱ्हाइकांना समोरच्या स्टुलावर वन्संच हव्या असत. मग मी मागच्या खोलीत शिलाई मशीनवर गेले आणि अस्तरं शिवण्यात रमले.

आमचा कारखाना म्हणजे राहत्या घराखालच्या दोन खोल्या. ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जुळत नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही जोडे बनवतो. कुणाच्या पायाला बोटं कमी, कुणाचा एक पाय सुजट, कुणाचा जन्मतःच बारीक. वन्संचा एक दंडक होता, बाहेरून दोन्ही जोडे सारखेच दिसले पाहिजेत. जे भरायचं ते आत भरा, जे कोरायचं ते आतून कोरा. रस्त्यावरून जाणाऱ्याला काही कळता कामा नये. पुढच्या खोलीत वन्सं माप घ्यायच्या आणि कागदावर पायाची रेघ काढून द्यायच्या. मागच्या खोलीत हे ती रेघ बघून कलबूत कोरायचे. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, त्यावर जोडा चढवतात. कलबूत कुणाच्या पायाचं, हे ह्यांनी कधी विचारलं नाही. उभ्या आयुष्यात ह्यांनी गिऱ्हाइकाचा पाय पाहिला नसेल.

वन्सं गेल्या त्याच वर्षी फळ्यांना वाळवी लागली. कागद आधी गेले, मग कलबुतं. आणि ह्यांच्या हाताला कंप सुटला. म्हणजे नवी कोरायचीही सोय राहिली नाही. उरली ती फक्त वन्संनी कॉम्प्युटरवर भरून ठेवलेली मापं. दुसऱ्या गावी एक मशीन आहे, तिला मापं दिली की ती कलबूत कोरून देते. तिथल्या लोकांनी आमच्यासाठी पाळी राखून ठेवली होती. मापं नीट गेली तर कारखाना चालणार, नाही तर टाळं. यात तिसरी वाट नव्हती, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

तिसरी म्हणजे भिंगरी, वन्संची लेक. एका जागी ठरत नाही म्हणून लहानपणीच नाव पडलं, आणि आता दिवसभर खुर्चीला खिळून कोड लिहिते तरी ते सुटलेलं नाही. रजा टाकून आली, पुढच्या खोलीतल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "मामी, मशीनला असली शीट चालत नाही. तिला वेगळं लागतं."

"वेगळं म्हणजे कसं गं?"

"एका माणसाचा एक कप्पा. त्यात दोन छोटे कप्पे, डावा आणि उजवा. त्या प्रत्येकात लांबी, रुंदी, घोटा, जे काय असेल ते. ही आईची शीट म्हणजे नुसतं पसरलेलं अंगण. ते गोळा करून कप्प्यांत भरायचं."

"आणि ते कोण भरणार? तू?"

"मी कशाला? लायब्ररी आहे ना. पुस्तकांची नव्हे. तयार हुकमांची एक छोटी पिशवी म्हण. मीच लिहिली आहे. नाव ठेवलंय मुंगी."

मला हसू आलं. पण मुंगी काम कशी करते हे तिने दाखवलं तेव्हा मी अस्तराचं काम बाजूला ठेवून तिच्या खुर्चीमागे उभीच राहिले. मुंगी आधी वरची ओळ वाचते, ती मथळ्यांची. मग खाली उतरते, एकेक ओळ घेते, एकेक दाणा उचलते, ज्या मथळ्याखालचा असेल त्या कप्प्यात नेऊन टाकते. कुरकुर नाही, थकवा नाही. मला ती आवडली.

"आणि रिकामी चौकट आली तर?"

"तर रिकामी म्हणून नोंदवते. मनाचं काही घालत नाही."

"शहाणी आहे."

"शहाणी कसली, मुंगी ती मुंगीच," भिंगरी म्हणाली. "हे बघ, आईने एका घरातल्या तिघांचं आडनाव एकाच मोठ्या चौकटीत लिहिलंय, तीन ओळी जोडून. मुंगीला ते पहिल्या ओळीतच सापडलं. बाकीचे दोघे बिनआडनावाचे झाले."

"मग सांग तिला, वरचं नाव खाली ओढ म्हणून."

"तेच सांगते आहे."

थोड्या वेळाने ती एकदम खो-खो हसायला लागली. हे मागच्या खोलीतून चष्मा कपाळावर चढवून आले. "काय झालं?"

"मामा, या आजोबांच्या पायाची रुंदी आहे नऊ मार्च."

"काय?"

"आईने लिहिलं असणार नऊ, तिरकी रेघ, तीन. शीटला वाटलं तारीख. केली तारीख."

"बरं, मग नऊ मार्चला त्यांचा पाय रुंद होत असेल," हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले आणि आत गेले. ह्यांचे विनोद असेच, अंगठा ठेचल्यावर येणाऱ्या हुंकारासारखे. पण हसले होते, हे मी पाहिलं. बऱ्याच दिवसांनी.

शीट रंगीबेरंगी होती. काही ओळी पांढऱ्या, पुष्कळशा पिवळ्या, एक गुलाबी. मी विचारलं, "मुंगीला रंग दिसतात का गं?"

"नाही. तिला लिहिलेलं तेवढंच दिसतं. आईला रंगांची हौसच होती, माहीत नाही का तुला? स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणंसुद्धा तिने रंगवली होती."

ते खरं होतं. म्हणून मी पुन्हा अस्तराकडे वळले.

खरी अडचण मथळ्यात होती. वन्संनी डावा, उजवा असं कुठेच लिहिलं नव्हतं. एक रकाना 'इकडचा', पुढचा रकाना 'तिकडचा'.

"डावा-उजवा लिहायला आईचं काय जात होतं?" भिंगरी वैतागली.

"ती डावखुरी," आतून ह्यांचा आवाज. "शाळेत डावा हात पुढे केला की पट्टी बसायची. तेव्हापासून ते दोन्ही शब्दच तिने टाकले. विचारलं तर म्हणायची, मी डावं-उजवं करत नाही."

योगायोगाने टायपिस्टबाईंचे जोडे तळ बदलायला पार्सलने आमच्याकडे आलेले होते. या बाई लांबच्या गावी कुठल्याशा कचेरीत टायपिस्ट होत्या, आता निवृत्त. शीटमध्ये त्यांचा इकडचा बारीक, तिकडचा रुंद. आम्ही जोड्यांची अस्तरं उसवून आत पाहिलं. डाव्या जोड्यात भर घातलेली होती, उजवा मोकळा. म्हणजे डावा पाय बारीक, उजवा रुंद.

"ठरलं. इकडचा म्हणजे डावा," भिंगरीने चुटकी वाजवली आणि मुंगीला तसं बजावलं. पहिलं माप मशीनकडे गेलं ते बागवालीचं.

बागवाली म्हणजे मोठ्या बागेच्या रोपवाटिकेत काम करणारी. जुन्या जोड्यांचा तळ सुटला होता, सुतळीने बांधून वापरत होती. कलबुतं आली, गुळगुळीत, भुशाचा वास असलेली. ह्यांनी त्यांवरून कितीदा तरी हात फिरवला. मग कातडं कापलं, मी अस्तर शिवलं, जोडे उभे राहिले.

ती आली, खुर्चीत बसली. मी वन्संच्या बुटक्या स्टुलावर बसले आणि जोडे चढवले.

"छान झालेत हो ताई," ती म्हणाली. "नवे आहेत, सैलावतील हळूहळू."

पण एका जोड्यात तिची बोटं आखडून आली होती आणि दुसऱ्यात टाच वरखाली होत होती. माणूस भिडेखातर खोटं बोलतो, पायाला ते जमत नाही. मी काही न विचारता जोडे उतरवले. नीट मऊ भर घातलेला जोडा धडधाकट पायाला बसवला गेला होता आणि ज्याला भर हवी तो पाय मोकळ्या जोड्यात घसरत होता.

तिनेही ओळखलं असावं. पुन्हा सुतळी बांधता बांधता म्हणाली, "रोपं लावायचे दिवस आहेत, दिवसभर उभं राहावं लागतं. नाही तर मी घाई केली नसती."

"तुम्ही आता फेऱ्या घालायच्या नाहीत," मी म्हटलं. "जोडे झाले की मी बागेत घेऊन येईन. तुमच्या पायात मीच चढवीन."

"मोठ्या ताई असंच म्हणायच्या," ती म्हणाली आणि लंगडत पायरी उतरली.

दार लागलं मात्र, हे म्हणाले, "मी सांगत होतो. आकड्यांवर जोडा चढत नाही."

"मामा, साधी गोष्ट आहे. उलटं झालंय. मुंगीला एक ओळ लिहिते, इकडचा म्हणजे उजवा. सगळ्यांचं सुलट होईल."

"आणि टायपिस्टबाईंचं?" ह्यांनी विचारलं.

भिंगरीचे हात कीबोर्डवर थांबले. टायपिस्टबाईंचा इकडचा पाय डावाच होता. आम्ही तिघांनी जोड्यात डोळ्यांनी पाहिलं होतं.

"म्हणजे काहींचं सुलट, काहींचं उलट," ती हळू आवाजात म्हणाली. "आई असं कसं करेल? एक तर सगळं बरोबर, नाही तर सगळं चूक. मधलं कसं?"

"एकेकाला फोन करून विचारू," मग ती म्हणाली. "कुठला पाय…"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. आईचा दंडक तिलाही पाठ होता. आयुष्यभर ज्यांनी तो पाय लोकांपासून जपला, त्यांना फोनवर विचारायचं, तुमचा वाईट पाय कोणता हो?

"नकोच ते," हे म्हणाले. "एकीला दुखावलं तेवढं पुरे. उद्या सकाळी मशीनवाल्यांना सांगतो, आमची पाळी दुसऱ्याला द्या म्हणून. झालं तेवढं बास." आणि आत जाऊन हत्यारं पुसायला लागले. स्वच्छ हत्यारं पुन्हा पुन्हा पुसत होते.

माझा एक नेम आहे. सकाळी देवासमोर दिवा लावला की तो आपणहून शांत होईपर्यंत बोलायचं नाही. तेल किती घालायचं हे मी मोजत नाही, हाताला येईल तेवढं. कधी लवकर सुटका होते, कधी भाजीवाल्याशी खुणांनी व्यवहार करावा लागतो. भिंगरी त्याला माझं म्यूट म्हणते.

दुसऱ्या दिवशी दिवा लावला, मन मात्र कारखान्यात. फूल उचललं आणि रोजच्यासारखं देवाच्या उजव्या हाताशी ठेवलं. ठेवताना माझा हात आडवा गेला, माझ्या डाव्या बाजूला. रोजच जातो. इतकी वर्षं जातो आहे. पण त्या दिवशी मी हाताकडे बघत राहिले. देवाचा उजवा, माझा डावा. समोर बसलं की बाजू फिरतात.

समोर बस, शेजारी नको बसूस.

मी उठले ते तडक जिना उतरले. खाली हे टेलिफोनपाशी उभे, चष्मा लावून नंबर शोधत होते. भिंगरी टेबलाशी, डोळे सुजलेले, तोंड मात्र चालूच. "मामी, सांग ना यांना, निदान दोन दिवस थांबा म्हणावं. म्यूट आहेस का अजून? आजच्या दिवस देवाला सांग ना, अर्जंट आहे."

मी मान हलवली. दिवा वर जळत होता. मी स्टूल ओढलं, तिची खुर्ची माझ्याकडे वळवली, समोर बसले आणि तिचे दोन्ही पाय धरले.

"अगं मामी!" ती किंचाळली. "माझ्या पाया काय पडतेस! मामा, हिला बघा ना काय झालंय!"

हे फोन हातात धरून बघत राहिले. मी डाव्या हाताने तिचा एक पाय उचलला, हलवला. मग स्क्रीनवर 'इकडचा'वर बोट ठेवलं. पुन्हा पाय हलवला. पुन्हा बोट.

"काय? हा पाय? इकडचा?" तिने आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. "हा माझा उजवा आहे. तुझ्या डाव्या हातात… थांब. थांब थांब. आई डावखुरी. समोर बसायची. तिच्या डाव्या हाताशी येईल तो इकडचा! म्हणजे माणसाचा उजवा! मामी!"

मी मान डोलावली. जोरात.

"पण मग टायपिस्टबाई?"

मी तळवे उघडून दाखवले.

"त्या इथे आल्यात कुठे कधी?" फोनपाशी उभे असलेले हे म्हणाले. म्हणाले आणि स्वतःच थबकले. "त्यांच्या पायाचा कागद पोस्टाने यायचा. स्वतः कागदावर उभं राहून, कुणाकडून तरी रेघ काढून घेऊन पाठवायच्या. ताई तो टेबलावर ठेवून मापायची. लांबची माणसं सगळी तशीच. ताई त्यांना आधी कोरी पाकिटं पाठवायची, आपला पत्ता घालून. पिवळी पाकिटं."

टेबलावर पसरलेल्या कागदावरचा डावा पाय बघणाऱ्याच्याही डाव्याच हाताला येतो. तिथे समोर बसलेलं कुणी नसतं.

भिंगरीने शीट वर सरकवली. टायपिस्टबाईंची ओळ पिवळी. खाली सरकवली. बागवालीची पांढरी.

"आणि मी म्हटलं, हौस," ती म्हणाली. "मुंगीला रंग दिसत नाहीत, कारण मीच तिला तसं शिकवलं होतं. आई सगळं लिहून गेली होती. फक्त अक्षरांत नाही."

हे तिच्या मागे येऊन उभे राहिले. फोन ठेवून आले होते. "हा बघ, हा लांबचा. कधी आला नाही. पिवळा ना? हा इथलाच, गल्लीतला. पांढरा ना?" एकेका ओळीवर त्यांचं थरथरणारं बोट फिरत होतं आणि एकेक जण जुळत होता. मग बोट एका जागी अडलं. "हा गुलाबी कोण?"

"तुम्हीच सांगा."

"आठवत नाही बुवा. आला असेल, नसेल. अर्धं माप इथे दिलं असेल आणि अर्धं तिथून पाठवलं असेल. की तिला नुसता रंगच आवडला?"

अजूनही मला ती गुलाबी ओळ आठवते आणि वाटतं, काय बरं म्हणायचं होतं वन्संना? मुंगीने त्या ओळीपुढे 'माहीत नाही' असं लिहून तो कप्पा वेगळा ठेवला. मनाचं काही घालायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी वर जाऊन पाहिलं. वात काळी झाली होती, धुराची एक बारीक रेघ तेवढी वर जात होती. खाली आले आणि दिवसातला पहिला शब्द बोलले, "भिंगरे, मुंगीला डोळे दे."

"देते गं. दोनच ओळींचं काम आहे," ती म्हणाली. "चौकटीचा रंग विचार. पिवळा असेल तर इकडचा डावा, पांढरा असेल तर इकडचा उजवा. तिसरा कुठला असेल तर गप्प बस. तुझ्यासारखी."

मशीनवाल्यांना फोन गेला, पण पाळी सोडण्यासाठी नाही. बागवालीची कलबुतं पुन्हा आली. या वेळी ह्यांनी जोडे बांधले तेव्हा कातडं ताणायला भिंगरी शेजारी बसली. जिथे ह्यांचा हात कापायचा तिथे तिचा हात लागायचा. "ओढ, पण फाडू नकोस, माझी आई," हे म्हणत, आणि ती म्हणे, "मामा, तुमची आई तुमच्याशी असं बोलायची का?" मी मऊ भर घातली, अस्तर शिवलं, आणि जोडे शेजारी शेजारी ठेवून लांबून पाहिलं. बाहेरून दोन्ही अगदी सारखे.

ते जोडे तयार झाले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी दिवा लावला, फूल ठेवलं आणि खाली आले. रोपवाटिकेचं काम उजाडताच सुरू होतं, आणि ऊन चढलं की बागवालीला बसायची उसंत नसते. मी जोडे कापडात गुंडाळून पिशवीत टाकले. मग पुढच्या खोलीतलं बुटकं स्टूल उचललं.

"मामी, दिवा जळतोय अजून," भिंगरी जिन्यावरून म्हणाली. "तिच्याशी बोलणार कशी?"

मी पिशवीकडे बोट दाखवलं, मग स्टुलाकडे.

"अगं पण वात केव्हा विझली, ते तुला तिथे कळणार कसं?" तिने क्षणभर विचार केला. "बरं, मी बसते इथे लक्ष ठेवून. विझली की एक रिंग देते. उचलू नकोस, नाही तर हॅलो म्हणशील."

हे मागच्या खोलीतून बाहेर आले. माझ्या हातातलं स्टूल उलटं करून त्याचे पाय हलत नाहीत ना ते त्यांनी तपासलं, आणि परत माझ्या हातात दिलं.

मी पायरी उतरले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वन्संचं स्टूल. रस्ता नुकताच झाडून झाला होता. कोपऱ्यावर वळताना मी पदर खोचला आणि बागेच्या दिशेने चालू लागले.